घागरीतलं शिसं

आमच्या रिपोर्टात शून्य कधी नसतं. प्रयोगशाळेत नोकरीला लागल्यापासून हे मी फोनवर इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही बडबडत असेन. गावाकडून फोन येतो.

"मॅडम, आमच्या विहिरीच्या रिपोर्टात शिशाच्या पुढं बीडीएल लिवलंय. म्हंजी किती?"

"आमच्या मशीनला दिसेल इतकं नाही."

"म्हंजी शून्य."

"शून्य म्हणता येत नाही."

"मग हाय का?"

"आहे असंही म्हणता येत नाही."

पलीकडचा माणूस शेजारच्याला काहीतरी सांगतो, शेजारचा हसतो. मग पुन्हा फोनवर येतो. "बरं, ते ऱ्हाऊ द्या. पास का नापास?"

"पास."

"मग असं सरळ बोला की."

मी सरळच बोलत असते. पण लोकांना पाण्याबद्दल दोनच उत्तरं माहीत असतात, आणि माझ्याकडे तीन असतात. त्यातलं मधलं उत्तर फार त्रासाचं. ते सगळ्यात आधी माझ्याच घरी येऊन बसेल असं मात्र मला वाटलं नव्हतं.

मी नगरच्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत धातूंचं काम बघते. एमएस्सी, केमिस्ट्री. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, पुरुषांत धरा की बायकांत. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. अम्मी म्हणते, ही पोरगी आधी डिग्री सांगते, मग नाव. सांगते तर सांगते. डिग्री मला कुणी वाटेत पडलेली आणून दिली नाही.

काम बारीक आहे. पिण्याच्या पाण्यात शिसं किती चालतं, तर लिटरमागे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. आमच्याकडे दहा हजार लिटरचे टँकर फिरतात, त्या हिशोबाने सांगायचं तर अख्ख्या टँकरला चिमूटभरही नाही. एवढंसं मोजायचं म्हणजे काचेच्या भांड्यापासून हवेतल्या धुळीपर्यंत सगळ्यावर संशय घ्यावा लागतो. म्हणून नमुन्यांच्या आधी आम्ही नुसतं शुद्ध पाणी मशीनमध्ये घालतो. त्यात काही दिसलं तर चूक आमची. ते पाणी साफ आलं की मगच दुसऱ्याच्या पाण्याबद्दल तोंड उघडायचं. माझ्या सहकाऱ्याने हे फार छान सांगितलं होतं. तो पाथर्डीकडचा, आईबाप दर दिवाळीनंतर ऊस तोडायला खाली जायचे, तोही माझ्यासारखाच घरातला पहिला शिकलेला. तो म्हणाला होता, "आधी आपला उंबरा झाडायचा, मग शेजारणीच्या अंगणातला कचरा दाखवायचा."

अब्बा कलई करतात. आम्ही देवळाली प्रवऱ्याचे, आणि तिथून आजूबाजूच्या गावांत त्यांची फेरी असते. कलई म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून दिलेला कथलाचा मुलामा. भांडं भट्टीवर तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, कथलाची कांडी आतून टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने झरझर पुसत न्यायची. पांढरा धूर उठतो, नाकाला झोंबतो, आणि काळपट भांडं आतून चांदीसारखं होऊन बाहेर येतं. शाळेत माझ्या दप्तराला नवसागराचा वास यायचा. मुली नाक मुरडायच्या. पुढे बीएस्सीला पहिल्याच प्रॅक्टिकलला नवसागराची बाटली निघाली, तेव्हा वर्गात मी एकटी अशी होते जिला तो वास घरचा वाटला.

मधे स्टीलने धंदा पार बसवला. अब्बांनी काही वर्षं साखर कारखान्याच्या गोदामात पोती उचलली. मग मोबाईलवर कुणीतरी सांगायला लागलं की तांब्या-पितळेतलं पाणी प्या, आणि माळ्यावर पडलेल्या घागरी भराभर खाली आल्या. अब्बांनी भट्टी परत काढली. भाता गेला, हाताने फिरवायचा पंखा आला. जुन्या मोपेडला पाठीमागे सगळं बिऱ्हाड बांधून ते निघतात.

या धंद्यात माणसाचा शब्द हाच माल असतो. कलई करून चकचकीत झालेल्या भांड्याकडे बघून आत काय आहे ते कुणालाही कळत नाही. शिसं मिसळलेलं कथील स्वस्त पडतं, पसरतंही सोपं, आणि चकाकतं तसंच. त्यामुळे गिऱ्हाईक भांड्याकडे बघत नाही, माणसाकडे बघतं. अब्बांना विचारलं, "चाचा, शिसं न्हाई ना?" की ते म्हणायचे, "बिलकुल न्हाई." एवढ्यावर त्यांची गावंच्या गावं बांधलेली. त्यांची परीक्षाही होती. कथलाची कांडी कानाजवळ धरून हळूच वाकवायची. अस्सल कथील कुरकुरतं, नव्या चपलेसारखं. शिसं असलं की गप्प बसतं. लहानपणी ते माझ्या कानाशी कांडी धरायचे आणि विचारायचे, "बोलली का?" बोलली म्हटलं की ती कांडी पिशवीत जायची.

तर झालं असं. राहुरी तालुक्यातल्या एका लहान गावातून पाण्याचा नमुना आला. गावाला एकच सार्वजनिक विहीर, तिचंच पाणी टाकीत चढतं आणि नळाला येतं. नमुना मशीनवर लावला आणि शिसं मर्यादेच्या वर आलं. थोडंथोडकं नाही, चांगलं दुपटीच्या पुढे. आमचं शुद्ध पाणी साफ होतं. मी पुन्हा लावला, तोच आकडा. त्या भागातल्या विहिरींमध्ये खारटपणा असतो, खतांचं नायट्रेट असतं, शिसं मी कधी पाहिलं नव्हतं. पण पाहिलं नव्हतं हे काही शास्त्र नाही. आकडा कळवला. गावाला सांगण्यात आलं की फेरतपासणी होईपर्यंत विहिरीचं पाणी पिऊ नका.

एका विहिरीच्या गावाला असं सांगणं सोपं असतं, ऐकणं नसतं. बायका कळशा घेऊन उसाच्या मळ्यांतल्या मोटारींवर जायला लागल्या. मळेवाले आधी हसून पाणी देत होते, मग मोटार बंद करून ठेवायला लागले. साहेब मला म्हणाले, या वेळेला गावावर सोपवू नकोस, तू स्वतः जाऊन नमुना घेऊन ये.

गेले. विहिरीवर गावाचे पाणी सोडणारे काका आणि सरपंचांच्या आई उभ्या होत्या. सरपंच स्वतः तहसीलला गेलेले, त्यामुळे गावाची बाजू या आजींकडे होती, आणि चांगल्या हातात होती.

"या मॅडम. आमच्या हिरीत इख घातलं म्हन्ता तुमी."

"मी काही घातलं नाही आजी. आधीची बाटली कुणी भरली ते सांगा."

काका म्हणाले, "म्या भरली."

"विहिरीतून सरळ?"

काकांनी आजींकडे बघितलं.

"तवा लाइट नव्हती," आजी म्हणाल्या. "आन् हिरीतलं काडायचं म्हटलं तर गढूळ येतं. मीच म्हटलं, आमच्या घरचं दे. आदल्या रातीच घागर भरून ठेवल्ती त्याच हिरीची. फडकं बांधून. गाळ खाली बसला, वरचं पानी कसं निवळशंख."

"कुठली घागर?"

"पितळंची. आत्ताच कलई केल्याली." त्या जरा ताठ झाल्या. "सरकारात पानी द्यायचं म्हंजी पाव्हन्याला द्यावं तसं द्यायचं का न्हाई? का डबड्यात द्यायचं?"

हे ऐकून मी रागावू शकले नाही. नमुना म्हणजे गावाची अब्रू, असं त्यांनी धरलं होतं. लेकीला दाखवायला बसवताना चांगलं पातळ नेसवतात, तसं त्यांनी विहिरीच्या पाण्याला घरातलं सगळ्यात चांगलं भांडं दिलं. आम्ही सूचना छापतो की बाटली स्रोतावर सरळ भरा. त्या सूचनेत कुठेही लिहिलेलं नाही की चांगल्या भांड्यात घालून पाण्याचा मान ठेवू नका.

मी म्हटलं, घागर दाखवा.

त्यांच्या ओट्यावर होती, वरच्या कामासाठी रात्रीच विहिरीच्या पाण्याने भरलेली. मी आधी त्यातली एक बाटली सरळ भरून घेतली. आजींनी उरलेलं पाणी दुसऱ्या भांड्यात काढून घागर माझ्यापुढे उजेडाला तिरकी धरली. मी आत बघितलं आणि मला पुढचं काही विचारायची गरज राहिली नाही. कलई पुसताना बोळा फिरतो, त्याच्या रेषा राहतात. बहुतेक कलईवाल्यांच्या रेषा एका अंगाने वळतात. या उलट्या वळत होत्या. अब्बा डावखुरे आहेत.

आजींना माझ्या तोंडावरून कळलं की काय कोण जाणे. म्हणाल्या, "देवळालीचे चाचा करून गेले. तुमी तिकडच्याच ना?"

"हो. त्यांचीच मुलगी."

"आगं बया," त्या म्हणाल्या, आणि पदराने घागरीचा काठ पुसायला लागल्या. पुसण्यासारखं तिथं काही नव्हतं.

मी विहिरीचं पाणी विहिरीतून घेतलं; घागरीत रात्रभर राहिलेलं पाणी आधीच दुसऱ्या बाटलीत होतं. दोन्हींवर काय कुठलं ते नीट लिहिलं. आजींना म्हटलं, निकाल येईपर्यंत यातलं पिऊ नका. त्यांनी मान हलवली. काका मला एसटीच्या फाट्यापर्यंत सोडायला आले. एसटी दिसली तेव्हा म्हणाले, "चाचा मानूस लई सरळ हाय, मॅडम. पन पानी बी आमचंच हाय." मी हो म्हटलं.

विहीर साफ निघाली. शिसं आढळलं नाही, आमच्या मशीनच्या मर्यादेत. घागरीचं पाणी पहिल्या नमुन्यासारखंच, वर.

मी साहेबांपुढे दोन्ही आकडे ठेवले. साहेब म्हणाले, "घागर हा काही स्रोत नाही. आपण स्रोत तपासतो. विहिरीचा रिपोर्ट दे. पहिला नमुना चुकीच्या पद्धतीने घेतला होता असं लिही. विषय संपला."

साहेब चुकीचं सांगत नव्हते. त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. गावाला विहीर परत मिळाली असती, आणि कलईचं नाव कागदावर कुठेच आलं नसतं. मला ते मनातून हवंहवंसं वाटलं, हे मी नाकारत नाही. पण आजी त्या घागरीतलं पाणी पुन्हा प्यायला लागणार होत्या, आणि त्या गावात तशी घागर एकच नव्हती.

"साहेब, घागरीचाही लिहायला पाहिजे. लोक त्यातलंच पितात."

"ते आपलं काम आहे का?"

"आकडा आपल्याकडे आहे. आणि साहेब, ती कलई माझ्या वडिलांनी केलेली आहे."

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "मग तू लिहूच नकोस." मी काही बोलणार तर हात वर करून म्हणाले, "रिपोर्ट जाणार. पण तुझ्या सहीने नाही. दोन्ही बाटल्या पाथर्डीवाल्याकडे दे. त्याने नव्याने लावायच्या, त्याने सही करायची."

माझ्या सहकाऱ्याने दोन्ही नमुने नव्याने लावले. मी त्या दिवशी मशीनच्या खोलीत पाय ठेवला नाही. आकडे तेच आले. रिपोर्टात दोन ओळी गेल्या, एक विहिरीची, एक घागरीची, आणि खाली एक वाक्य, की घागरीतलं शिसं भांड्यातून आलेलं दिसतं, विहिरीतून नाही.

रिपोर्ट गावात पोचायच्या आत अब्बांना माझ्या तोंडून कळायला हवं होतं. संध्याकाळी मगरिबची नमाज आटोपून ते ओट्यावर बसले होते, बोळ्यांसाठी कापूस पिंजत. घरातलं बोलणं आमचं दखनीत चालतं, पण धंद्याचं बोलणं अब्बांच्या तोंडी मराठीतच येतं. भांडणाचंही.

मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोनाच्या घरची म्हनालीस?"

"सरपंचांच्या."

"ती तर मी लई मन लावून केल्ती." आत गेले, पिशवीतून एक कांडी घेऊन आले, माझ्या कानाशी धरली आणि वाकवली. कुरकुरली. "बोलली का?"

"बोलली."

"मग?"

"थोडं शिसं असलं तर बोलतेच अब्बा. बरंच असलं तरच गप्प होते."

"किती असल्यावर गप व्हती?"

"ते तुम्ही सांगा."

"ते काय कुनी मोजून ठेवलंय व्हय?"

"तेच म्हणतेय मी."

त्यांनी कांडी खाली ठेवली. "म्हंजी माजा कान खोटा."

"खोटा नाही. त्याला एका हद्दीपर्यंत ऐकू येतं. आमच्या मशीनचंही तसंच. फक्त आम्ही ती हद्द रिपोर्टात लिहितो."

"आन् मी काय करू? गिऱ्हाइकाला सांगू, बाई, माज्या कानाला अमुक इतकंच ऐकू येतं?"

अम्मी आतून म्हणाली, "फी भरभरून शिकवली ना. आता ऐका." कुणाला म्हणाली ते कळलं नाही. बहुतेक दोघांनाही.

त्यानंतर अब्बा फेरीला गेले नाहीत. मोपेड दारात उभी. विचारलं की म्हणायचे, पंखा दुरुस्तीला टाकलाय. पंखा कॉटखाली होता. फोन यायचे, ते उचलायचे नाहीत, मोबाईल उपडा ठेवायचे. गावातली माणसं अजून काही बोलली नव्हती, पण आपला शब्द लोकांच्या घराघरांत पाण्याने भरून ठेवलेला आहे आणि त्यात काय आहे हे आता आपल्यालाच माहीत नाही, हे त्यांना सोसत नव्हतं. तसं ते बोलले नाहीत. हे मी त्यांच्या बसण्यावरून सांगतेय.

मग एक दिवस दुपारी सहकारी माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, काउंटरवर एक गिऱ्हाईक आलंय. तुम्हाला भेटायचं नाही म्हणतंय."

मी दारातून डोकावले. अब्बा होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, हातात कापडी पिशवी. आमच्याकडे फी भरून कुणालाही पाणी तपासून घेता येतं, आणि हे त्यांनी कुठून तरी शोधून काढलं होतं. मी आडोशाला उभी राहून ऐकलं.

"चाचा, मॅडमना बोलावू का?" सहकाऱ्याने मुद्दाम विचारलं.

"नगं. ती माजी पोरगी हाय. तिच्याकडनं तपासलं तर लोक काय म्हन्तील? दुसरा कोन हाय?"

"दुसरा मीच."

"तू शिकल्याला हाईस ना?"

"तुमच्या पोरीएवढा."

"मग चालंल. पन तिच्या वरचढ असता तर बरं झालं असतं."

पिशवीतून दोन तांबे निघाले, एकसारखे. एकाला त्यांनी आता वापरतात त्या कथलाची कलई केली होती. दुसऱ्याला जुन्या कांडीच्या उरलेल्या तुकड्याची, ते कथील घेतात त्या दुकानात म्हातारा बसायचा तेव्हाच्या मालातली. दोन्हींत रात्रभर तेच पाणी ठेवलं होतं, आणि तेच पाणी एका स्वच्छ बाटलीतही आणलं होतं, भांड्याशिवायचं. हे तिसरं मी सांगितलेलं नव्हतं. पण सहकाऱ्याची ती उंबरा झाडायची गोष्ट मी घरी कितीदा तरी सांगितली होती.

रिपोर्ट त्यांनी स्वतः येऊन नेला आणि घरी येऊन माझ्यापुढे टाकला. बाटलीतलं पाणी साफ. नव्या कथलाच्या तांब्यातलं मर्यादेच्या वर. ते त्यांना समजलं. त्यांचं बोट जुन्या कथलाच्या ओळीवर होतं.

"हे काय लिवलंय?"

"आढळलं, पण मोजण्याइतकं नाही."

"हाय का न्हाई, तेवढं सांग."

"आहे. किती ते सांगता येत नाही."

"मशीन एवढं मोठं आन् सांगता येत न्हाई?"

मी म्हटलं, "अब्बा, राहात्याच्या बाजारात तुम्ही बसायचा. मी डबा घेऊन यायचे. लांबून काहीच ऐकू यायचं नाही, म्हणजे तुम्ही नव्हता असं नाही. जरा पुढे आलं की कुणीतरी ओरडतंय एवढं कळायचं, पण कलई म्हणतंय की बांगड्या म्हणतंय ते नाही कळायचं. अजून पुढे आलं की शब्द न् शब्द कळायचा. ही मधली जागा आहे. कुणीतरी ओरडतंय. कोण, ते नाही सांगता येत."

अब्बा हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "तू भज्याच्या गाडीपाशी थांबायचीस. म्हनून ऐकू येत नव्हतं."

मग कागदाची घडी करत म्हणाले, "म्हंजी जुन्यात बी हुतं."

"इतकं थोडं की त्याने काही बिघडलं नसतं."

"पन हुतं. आन् मी बिलकुल न्हाई म्हनत हुतो." त्यांनी कागद शर्टच्या खिशात ठेवला. "आन् तुमी शून्य कवा लिवनार?"

"कधीच नाही."

"लई अवघड नोकरी धरलीस बाई," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. म्हाताऱ्याच्या मागे आता मुलगा बसतो. तो म्हणाला, माल वरून येतो तसा विकतो, आम्ही काय वितळवून बघतो का. अब्बांनी भांडण केलं नाही. उरलेल्या सगळ्या कांड्या त्याच्या टेबलावर ठेवून निघून आले. मग चौकशी करत करत दुसरीकडून महागाचं कथील आणलं. त्याच्यासोबत शुद्धतेचा छापील कागद होता. अब्बांनी तो वाचायला मला दिला, आणि तरीही एक तांब्या कलई करून पुन्हा प्रयोगशाळेत नेला. या वेळेला ओळ आली: आढळले नाही. पुढे कंसात मशीनची मर्यादा.

मग ते निघाले. त्या परत केलेल्या कांड्यांची कलई जिथे जिथे केली होती ती गावं त्यांना पाठ होती. पहिलं सरपंचांचं गाव घेतलं. सुट्टी होती, मीही मोपेडवर मागे बसले. ओट्यासमोर भट्टी लावली. आजी घागर घेऊन बाहेर आल्या. गावाला विहीर परत मिळाली होती, त्यामुळे त्यांचा आवाज मोकळा होता.

"काय चाचा. लेकीनं बापाचंच पितळ उघडं पाडलं म्हनं."

"पाडलं," अब्बा पंखा फिरवत म्हणाले. "झाकायलाच आलोय."

आजूबाजूच्या बायका हसल्या. काहींनी भांडी आणली. एकदोघींनी नाही आणली, दारातूनच बघत राहिल्या, आणि मी त्यांना दोष देत नाही. अब्बा जुनी कलई उतरवून नवी चढवत गेले, उलट्या हाताने बोळा फिरवत. कुणी पैसे पुढे केले तर नुसती मान हलवायचे. आजींनी शेवटी सगळ्यांसमोर चहा दिला. तो स्टीलच्या पेल्यात होता. मी बघितलं, अब्बांनीही बघितलं. दोघांनी प्यायला.

आता फेरी पुन्हा चालू आहे. फोन ते उचलतात. गिऱ्हाईक मात्र पूर्वीसारखं झटक्यात मिळत नाही, आणि त्याचं कारण मला गेल्या रविवारी आमच्याच ओट्यावर दिसलं. एक बाई आली होती. एक मोठी घागर, एक तांब्या. नवीच दिसत होती, शिर्डीकडून कुठून तरी ऐकून आलेली. तिने नेहमीचा प्रश्न विचारला. "चाचा, तुमच्या कलईत शिसं नाही ना?"

मी आत भाजी निवडत होते.

"सापडलं न्हाई," अब्बा म्हणाले.

"म्हणजे नाही ना?"

"सापडलं न्हाई म्हन्तोय मी. नगरला मशीनवर तपासलंय. मशीनला जेवढं दिसतं तेवढ्यात न्हाई. त्याच्या खालचं मला म्हाईत न्हाई, आन् मशीनला बी न्हाई."

"हे काय बोलणं झालं? बाकीचे तर सरळ नाही म्हणतात."

"मी बी म्हनायचो."

बाई उभी राहिली. घागरीकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं, अब्बांच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं आता दोन्ही उचलून चालती होईल. मी बाहेर जाऊन डिग्री सांगावी असंही एकदा वाटलं. गेले नाही. हे त्यांचं गिऱ्हाईक होतं.

तिने घागर उचलून कमरेवर घेतली. तांब्या ओट्यावरच राहू दिला.

"याला करून ठेवा," ती म्हणाली. "घागरीचं मग बघते."

अब्बांनी तांब्या उचलून आत बोट फिरवलं आणि कॉटखालचा पंखा ओढून बाहेर काढला.